हासेलब्रिंगांचा शेवटचा तास

डॉक्टर ओर्टविन हासेलब्रिंग प्राध्यापकाच्या जागेसाठी अकरा वेळा मुलाखतीला गेले आणि अकराही वेळा यादीत दुसरे आले. मी जर्मन विभागाची सेक्रेटरी; त्यांचे अर्ज मीच टाइप केलेले. अकराव्या नकाराला माझंच डोकं फिरलं. ते मात्र शांतपणे डबा उघडून राय धान्याचा काळा पाव खात बसले.

आमच्याकडे जर्मन विद्यापीठांत डॉक्टरेटनंतर आणखी एक मोठा प्रबंध लिहून शिकवायचा हक्क आणि पदवी मिळते, नोकरी मिळेलच असं नाही. पदवी टिकवायची तर दर सत्रात एक वर्ग फुकट घ्यावा लागतो. हासेलब्रिंगांनी तो सव्वीस वर्षं घेतला. पोटासाठी सकाळी छापखान्यात प्रुफं तपासायची आणि बुधवारी चार वाजता खोली बारामध्ये सतराव्या शतकातली शोकगीतं शिकवायची. कुणाचं तान्हं मूल गेलं की आईबाप गावातल्या कवीकडून गीत लिहून घेत, ती गीतं.

"ही कुणी वाचली नाहीत ना, तर ती पोरं दुसऱ्यांदा जातील," असं ते म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या वर्गाला एकानेही नाव दिलं नाही. निदान एक श्रोता नसेल तर वर्ग रद्द, आणि पदवीही गेली. टोपी हातात धरून ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"टीमानबाई, यंदा कुणीच नाही हो."

मी यादीत माझंच नाव लिहिलं. मला कवितेतलं ओ की ठो कळत नाही. पण दर बुधवारी ऑफिसला कुलूप लावून मी दुसऱ्या बाकावर जाऊन बसायचे आणि ते सभागृह भरल्यासारखे बोलायचे. एका पाववाल्याच्या चार महिन्यांच्या मुलीवरचं गीत ऐकताना मी चक्क रडले.

फेब्रुवारीत सत्राचा शेवटचा तास झाला. आमच्याकडे व्याख्यान संपलं की टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. त्यांनी कागद आवरले, चष्मा काढला आणि ते थांबले. मला वाटलं, रिकाम्या खोलीत एकटीची टकटक थट्टेसारखी वाटेल. शिवाय तो मान विद्यार्थ्यांनी द्यायचा, मी पडले सेक्रेटरी. मी कोट उचलला.

"छान झालं, डॉक्टर. दिवे मी बंद करते."

"हो, हो," ते म्हणाले आणि आधीच पुसलेला फळा पुन्हा पुसू लागले.

मार्चमध्ये छापखान्यातच त्यांचं हृदय बंद पडलं. दफनाच्या वेळी विभागप्रमुखांनी त्यांचं नाव सगळ्या पदव्यांसकट घेतलं. पदवी शेवटपर्यंत टिकली होती, तेवढं समाधान मला आहे.

त्यानंतरच्या बुधवारी चार वाजता मी खोली बारा उघडली, दुसऱ्या बाकावर बसले आणि पेरं लाल होईपर्यंत टकटक केली. एकटीच्या हाताचाही आवाज चांगला मोठा होतो. थट्टेसारखा तर मुळीच वाटत नाही.