पूजेत ठेवलेलं हँडल

मी लॉरी घेतली तेव्हापासून आण्णा माझ्याशी बोलेनासा झाला. आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील आमच्या लहानपणीच गेले, त्यामुळे घरात त्याचाच शब्द चालायचा, आणि तो मी मोडला होता. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. संकेश्वरापासून कोसभर आत आमचं गाव. लॉरीसाठी मी एक खिल्लारी जोडी विकली. ती आण्णानं वासरं असल्यापासून वाढवलेली. ज्या दिवशी जोडी दावणीवरून गेली त्या दिवशी त्यानं सगळ्या गल्लीदेखत सांगितलं, "ह्या डब्यात मी मेलो तरी पाय ठेवणार न्हाय." त्यानंतर दीड वर्ष तो उरलेल्या जोडीची बैलगाडी जुंपून बाजारला जायचा आणि माझ्या लॉरीचा फुफाटा खायचा. मीही कमी नव्हतो. त्याची गाडी पुढे दिसली की मुद्दाम हॉर्न वाजवायचो.

लॉरी जुनी होती, अमेरिकन बनावटीची. पुढे दोघांपुरती बैठक, मागे उघडा लाकडी हौदा. त्यात गुळाच्या ढेपा नाहीतर तंबाखूची बोदं भरून मी निपाणीला न्यायचो. तिचा सेल्फ मी घेतली तेव्हापासूनच मेलेला. पुढून लोखंडी हँडल घालून गरागरा फिरवल्याशिवाय इंजिन धरायचं नाही. त्या हँडलनं माझा अंगठा दोनदा मोडला होता, तरी मला ती लॉरी जिवापाड आवडायची.

आईचं निराळंच. तिच्या लेखी जोडी जाऊन तिच्या जागी एक बैल आला होता. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, तिनं भल्या सकाळी लॉरी धुतली, मडगार्डांना बैलांच्या शिंगांना लावतात त्या हुरमुंजाचे तांबडे पट्टे ओढले, बॉनेटवर पुरणपोळी ठेवली आणि मला म्हणाली, "आज ह्याला जुपायचं न्हाय."

निपाणीला माल पोचवायचा शब्द मी दिलेला. मी चिडलो. "आई, बैलाची मान दुखती म्हणून त्येला इसावा. ह्येला कुठं मान हाय?"

"तुला काय म्हाईत? कधी इच्यारलंस त्येला?"

दिवसभर मी तोंड फुगवून सोप्यात बसलो. आण्णा मात्र त्या दिवशी चार पोळ्या जास्त जेवला.

पुढे नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्यात घरातलं झाडून सगळं अवजार धुऊन घटापुढे मांडतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळं. एकदा हळदकुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. त्या सकाळी मीही लॉरी घासूनपुसून धुतली, हौद्यातला तंबाखूचा चुरा झाडून काढला आणि हँडल, जॅक, पाने घेऊन देवघरात गेलो. हँडल मी अगदी मधोमध ठेवलं, आण्णाच्या फाळाला खेटून. भक्ती वगैरे काही नव्हती. त्याला डिवचायचं होतं, एवढंच.

आण्णाला अंतर्गळाचा जुना त्रास होता. आतडं खाली उतरायचं, मग तो आडवा होऊन हातानं ते वर सारायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. त्या सकाळी धुण्यासाठी त्यानं अख्खा नांगर एकट्यानं उचलला. जेवणाच्या वेळी आतडं उतरलं ते वर जाईना. त्याला उलट्या सुरू झाल्या. अंगाला दरदरून घाम. संकेश्वराहून डॉक्टर सायकलवर आले, त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "आतडं अडकलंय. दिवस मावळायच्या आत बेळगावला नेऊन ऑपरेशन झालं तर वाचेल. उद्यापर्यंत थांबलात तर मग नेऊ नका."

सणामुळे दुपारची सर्व्हिस मोटार बंद होती. बैलगाडीनं सकाळ उजाडली असती. मी धावत देवघरात गेलो आणि हँडलला हात घालणार तोच बाहेरच्या बाजेवरून आवाज आला.

"हात लावू नगंस."

दीड वर्षानं आण्णा माझ्याशी बोलला तो हे.

"पूजंतलं उचललंस तर मी हितनं हालणार न्हाय."

"मरशील रं आण्णा."

"मरंन."

माझं डोकं सणकलं. त्याला उचलून हौद्यात टाकावं असं वाटलं. पण हँडल तिथे मीच ठेवलं होतं, त्याला खिजवायला. वहिनी भिंतीला टेकून रडत होती. मी आईकडे पाहिलं. ती घटाकडे बघत उभी होती. मग शांतपणे म्हणाली, "हँडल ऱ्हाऊ दे तितंच. गाडी न्हे."

आण्णा कण्हत म्हणाला, "गाडी बी अवजारच की गं."

"त्यो बैल हाय," आई म्हणाली. "त्येचा सण बेंदराला झाला. त्या दिशी जुपला न्हवता त्येला. आज जुपला तर चालतंय."

आण्णानं मान पलीकडे वळवली. कळ आली म्हणून की पटलं म्हणून, ते मला आजही ठाऊक नाही.

आम्ही हौद्यात कडबा पसरला, वर घोंगडी टाकली, त्यावर आण्णाला निजवलं. वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गल्लीतले दहाबाराजण मागून ढकलायला लागले. त्यांनी गाडी पळवत नेली, मी गिअर टाकून क्लच सोडला, लॉरीनं दोन गचके दिले आणि इंजिन धरलं. गचक्याबरोबर आण्णा ओरडला.

आता फक्त इंजिन बंद पडू द्यायचं नव्हतं. बंद पडलं तर हँडल घरी. चाक पंक्चर झालं तर जॅकही घरी. आयुष्यात एवढी जपून गाडी मी कधी हाकली नाही. खड्डा दिसला की मीच कण्हायचो.

यमकनमर्डीच्या वेशीत पालखी आडवी आली. मी पाय क्लचवर दाबून थांबलो. पाय थरथरायला लागला, जरा सुटला आणि इंजिन खाडकन बंद पडलं. मागून वहिनीचा आवाज आला, "काय झालं हो भावजी?" मी खाली उतरलो.

कपाळभर कुंकू लावलेले दोघेतिघे पुढे आले आणि काय झालं म्हणून कानडीत विचारू लागले. मागे माणूस मरायला टेकलाय आणि हँडल पूजेत ठेवलंय, असं मी कसंबसं कानडीत सांगितलं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. त्या दिवशी कुणी हसलंसुद्धा नाही. त्यांचे हातोडे, करवती, वस्तरेही पूजेतच होते. अख्खा गाव रिकाम्या हातांनी उभा होता. पालखी बाजूला झाली आणि एवढ्या माणसांनी गाडीला हात लावला की ढकलायला जागा पुरेना. ह्या खेपेला गचका कमी बसला. त्या लोकांचे चेहरे मी पुरते पाहिलेही नाहीत, पण दर नवमीला मला ते आठवतात.

वंटमुरीच्या घाटात रेडिएटर उकळला. माथ्यावर इंजिन चालूच ठेवून, ओलं पोतं हाताला गुंडाळून मी झाकण काढलं आणि वहिनीनं हौद्यात ठेवलेली पाण्याची घागर हळूहळू ओतली. आण्णा डोळे मिटून पडला होता. तोंडाशी हात नेऊन मी श्वास बघितला. दिवस चांगला दोन कासरे वर असताना आम्ही बेळगावच्या दवाखान्यात पोचलो.

त्याला आत नेलं. मी लॉरी आवारातल्या चिंचेखाली लावली, पण इंजिन बंद केलं नाही. इथे जमलं नाही तर मिरजेला न्यावं लागेल, असं कुणीतरी म्हणालं होतं. पहारेकरी दोनदा येऊन ओरडला, "अहो, बंद करा की तो धूर." मी त्याला हात जोडले. वहिनी पायरीवर बसून पदराचं टोक चावत होती. ऊन चिंचेवरून उतरून भिंतीवर गेलं. मला बेंदराचा दिवस आठवत राहिला. आईनं त्या दिवशी माझं ऐकलं असतं, मी लॉरी निपाणीला नेली असती, तर आज तिला बोलायला तोंड उरलं नसतं आणि आण्णा बाजेवर हट्ट धरून मेला असता.

डॉक्टर बाहेर आले. हात पुसत म्हणाले, "आतडं काळं पडायला लागलं होतं. वेळेत आणलंत. जगेल."

वहिनी जमिनीला टेकून नमस्कार करायला लागली. मी चिंचेखाली गेलो, लॉरीत बसलो आणि इंजिन बंद केलं. दुपारपासून कानात असलेला तो आवाज थांबला आणि माझा सगळा जीव मोकळा झाला. स्टिअरिंगवर डोकं ठेवून मी हमसून हमसून रडलो. पहारेकऱ्याला वाटलं, माणूस गेला. तो बिचारा मला पाणी घेऊन आला.

दोन-अडीच आठवड्यांनी आण्णाला आणायला गेलो. हौद्यात गादी घातली होती. त्यानं ती पाहिली आणि भिंतीला धरत धरत येऊन पुढे माझ्याशेजारी बसला. मी हँडल मारून गाडी सुरू केली आणि सवयीनं हँडल पायाशी टाकलं.

"दे हिकडं," तो म्हणाला. "द्येवापुढची वस्तू पायात टाकतात व्हय?"

ते त्यानं मांडीवर घेतलं. आम्ही घाट उतरलो. मग बाहेर बघतच तो म्हणाला, "त्या दिशी आत मला भूल द्येत हुते तवा हिचा आवाज येत हुता."

"बंदच केली न्हवती."

"ते कळलं मला. म्हनलं, धाकटा भाईर हाय. ह्यो मला घरला न्हेल्याबिगर जात न्हाय."

मला समोरचा रस्ता नीट दिसेना, म्हणून मी लॉरी जरा सावकाश घेतली.