दोन वेळा, मग तीन वेळा

तिचं आता एकच बोट हलायचं. आजार पायांतून वर चढत आला. बोलता येत होतं तोवर तिने दोनशे सहा शब्द निवडून ठेवले आणि नवऱ्याने त्या बोटाखाली बटण बसवलं. दोनदा दाबून, थांबून एकदा दाबलं की पडद्यावर त्या खुणेचा शब्द उमटायचा. प्रोग्रॅम त्याचाच. तीस वर्षं कारखान्यात त्याने दुसरं केलं काय!

जुना कॉम्प्युटर बंद पडायला लागला तसा त्याने नवा आणला. प्रोग्रॅमचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला होताच. कंपाइल करायला, म्हणजे प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालता करायला गेला, तर पडद्यावर चुका: त्याला लागणाऱ्या जोडफाइली, हेडर फाइली, सापडत नाहीत.

“एवढंच ना?” तो म्हणाला. बाहेरून घेतलेल्या फाइली होत्या, त्या त्याने इंटरनेटवरून पुन्हा उतरवून घेतल्या. एकेक चूक गळत गेली. शेवटी एकच उरली. त्या फाइलच्या नावाचं स्पेलिंग तपासलं, फोल्डरचा रस्ता तपासला. मग हात थांबला. ही फाइल बाहेरची नव्हती. कुठल्या दाबण्याचा कुठला शब्द, ती यादी याच फाइलमध्ये होती; त्याने ती कधी पाठ केली नव्हती, पडदाच वाचत आला होता.

कारखान्यात हेडर फाइली प्रोग्रॅमजवळ ठेवत नसत. सगळ्यांसाठी एक वेगळा फोल्डर असे. घरीही त्याने तसाच केला होता. तो काही पेन ड्राइव्हवर आला नव्हता.

“मग जुन्या डिस्कवर असेल की,” मेहुणी म्हणाली. ती बहिणीचे केस विंचरत होती.

तो पेन ड्राइव्ह काढून पुन्हा लावू लागला.

“भावोजी?”

डिस्क टाकून देण्याआधी तिला भोक पाडायचं, हाही कारखान्याचाच नियम. परवा याच खोलीत, स्टुलावर ठेवून, त्याने ड्रिलने तीन भोकं पाडली होती.

“धन्य आहे तुमची! घरात कोण चोरणार होतं हो? ताईचे शब्द?”

बटण वाजलं. दोन वेळा, मग तीन वेळा.

“पाणी?” त्याने विचारलं. बोट हललं नाही. “उशी? दिवा? कूस बदलू?” नाही. पुन्हा दोन, मग तीन.

“अक्षरं म्हणा,” मेहुणी म्हणाली. तो ‘अ’पासून म्हणत गेला, प्रत्येक अक्षरापाशी थांबत. ‘न’ला बोट हललं. पुढच्या अक्षरासाठी तो पुन्हा ‘अ’वर गेला, ‘ज्ञ’पर्यंत आला, बोट हललं नाही. परत ‘अ’. तिच्या कपाळावर घाम आला होता.

“पुरे करा. दमलीय ती.”

“एक अक्षर तर लागलं. सगळे शब्द करू आपण पुन्हा. रोज दोन. काय?” त्याने तिच्याकडे पाहिलं. “करायचं ना?”

बोट बटणावरच होतं, हललं नाही. त्याने बराच वेळ वाट पाहिली.

मग नवी हेडर फाइल उघडून त्याने एकच ओळ लिहिली: दोन, तीन – न. कंपाइल केलं.

या वेळी एकही चूक आली नाही.