काठीवाल्यांचा पहिला नकाशा

सव्वीस वर्षं उभ्यानं नोकरी केलेल्या माणसाला एकाएकी खुर्ची दिली तर तो तिच्याकडे संशयानंच बघणार. काठीवाल्यांचं तसंच झालं. जमीन मोजून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत ते कामाला होते. सर्व्हेअर लांब उभा राहून यंत्राला डोळा लावायचा आणि हे आरसा बसवलेली काठी घेऊन बांध, विहीर, खांब, कुंपणाचा कोपरा अशा एकेका बिंदूवर जाऊन ती सरळ धरायचे. यंत्र त्या आरशावर नेम धरून बिंदूची जागा टिपून घ्यायचं. काठी तसूभर कलली की मोजणी बिघडली. यांची काठी कधी कलली नाही.

कलला तो गुडघा. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून सांगितलं, "हाडावर हाड घासतंय. चढउतार बंद." मालक मनानं वाईट नव्हते, पण त्यांना न चालणाऱ्या काठीवाल्याचं करायचं काय हे सुचेना. "काका, खूप केलंत. आता घरी आराम करा," ते म्हणाले. हे ऐकून काठीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आराम हा शब्द त्यांनी आजवर आजारी माणसांच्या बाबतीतच ऐकला होता.

तेव्हा मध्ये पडल्या त्या नकाशे काढणाऱ्या मॅडम. वयानं काठीवाल्यांच्या मुलीएवढ्या, पण मालकांसमोर बोलायला कचरत नसत. "तीन महिने माझ्या हाताखाली द्या. कॅड शिकवते. नाही जमलं तर मग बघा," त्या म्हणाल्या. कॅड म्हणजे संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. मालकांनी मान हलवली, पण ती होकारार्थी होती की कीव म्हणून, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिले पंधरा दिवस काठीवाल्यांच्या नाकी नऊ आले. बाण पडद्याच्या कडेला अडकला की ते माउस हवेत उचलून पडद्याजवळ न्यायचे. माउसचं चाक असं फिरवायचे की अख्खा नकाशा मुंगीएवढा व्हायचा, आणि मग साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल अशी हाक यायची, "मॅडम, जमीन हरवली!" संगणकानं काही विचारलं की ते त्याला "हो, साहेब" म्हणायचे आणि मग बटण दाबायचे. बाकीचे हसायचे. मॅडमही हसायच्या, पण पुन्हा पहिल्यापासून दाखवायच्या. काठीवाल्यांनी एक वही केली आणि प्रत्येक पायरी स्वतःच्या वळणदार अक्षरात उतरवली. दुसरा महिना संपता संपता त्यांच्या रेघा जागच्या जागी बसू लागल्या.

तिसऱ्या महिन्यात मॅडमनी त्यांना पहिला अख्खा नकाशा दिला. एका नव्या शाळेची जागा. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला डांबरी रस्ता. मोजणी होऊन पडून राहिलेलं काम होतं, आणि गुडघ्यानं दगा देण्याआधी काठीवाल्यांनी केलेली ती शेवटची फेरी होती. बेचाळीस बिंदू, बेचाळीसही ठिकाणी काठी यांच्याच हातात. शाळेचा माणूस चार वाजता नकाशा घ्यायला येणार होता. त्यावरच इमारत आणि फाटक कुठे हे ठरायचं होतं.

यंत्रातले आकडे त्यांनी कॅडमध्ये ओढले, बिंदू पडद्यावर उमटले. मग कालवा निळा, रस्ता काळा, हद्द लाल. शेवटची रेघ पहिल्या बिंदूला येऊन मिळाली. क्षेत्रफळ कागदपत्रांशी जुळलं. अकराच्या सुमारास छापलेला नकाशा मालकांच्या टेबलावर गेला. मालकांनी आकडे तपासले, पुन्हा तपासले आणि उठून काठीवाल्यांच्या पाठीवर थाप मारली.

"मानलं तुम्हाला काका. पहिल्या तारखेपासून कायम."

काठीवाल्यांचा जीव भांड्यात पडला. जागेवर येऊन ते नकाशाची घडी घालायला लागले आणि सहज, हौसेनं, बोट पहिल्या बिंदूवर ठेवून ती फेरी कागदावर पुन्हा चालू लागले. पुलापासून सुरुवात. कालव्याच्या कडेनं सरळ. मग मोडका खांब. खांबापाशी आपण उजवीकडे वळलो आणि रस्त्याला लागलो.

बोट मात्र डावीकडे वळलं.

त्यांनी कागद फिरवला. पुन्हा फिरवला. मग कागद तसाच ठेवून टेबलाच्या पलीकडे जाऊन बघितलं. डावं ते डावंच. शेवटी त्यांनी नकाशा खिडकीच्या काचेवर पालथा दाबून धरला. पाठीमागून उजेडात रेघा दिसल्या, आणि जमीन जशी होती तशी समोर उभी राहिली. नकाशा आरशातला झाला होता.

आकडे सगळे जुळत होते, कारण आरशातल्या जमिनीचं क्षेत्रफळही तेवढंच भरतं. मालकांना कळलं नाही, कुणालाच कळणार नव्हतं. मोजणी करणारा सर्व्हेअर दुसऱ्या गावी होता. आत्ताच कायम झालेली नोकरी, आणि आपल्याच तोंडानं सांगायचं की पहिलाच नकाशा उलटा काढला? काठीवाल्यांना भीती वाटली, अगदी मनापासून वाटली. नकाशाची घडी घातली तर चार वाजता तो निघून जाणार होता. पण या कागदावर शाळेचं फाटक रस्त्याकडे काढलं तर जमिनीवर ते कालव्यावर उघडणार होतं.

ते उठले आणि लंगडत मॅडमकडे गेले. "मॅडम, नकाशा उलटा आहे."

"असं कसं? आकडे जुळलेत की."

"आकडे जुळू देत. माझे पाय जुळत नाहीत."

मॅडमना काही उमजेना. तेव्हा काठीवाल्यांनी त्यांना उठवलं. "हे कपाट कालवा समजा. डाव्या हाताला ठेवा आणि चला. आता दारापाशी कुठे वळाल?"

"उजवीकडे."

"आणि कागदावर?"

मॅडमनी कागद बघितला आणि मोजणीची वही काढली. सर्व्हेअरनं जागेवर पेन्सिलनं काढलेल्या कच्च्या आकृतीत खांबापाशी वळण उजवंच होतं. मग त्यांनी फाइल उघडली. यंत्र प्रत्येक बिंदूचा आधी उत्तरेचा आकडा लिहितं, मग पूर्वेचा. आकडे आत घेताना यादीतून क्रम निवडायचा असतो. काठीवाल्यांनी आधी पूर्व, मग उत्तर असा निवडला होता, म्हणून दोन्ही दिशांची अदलाबदल होऊन जमीन आरशातली झाली होती. त्यांच्या स्वतःच्या वहीत बरोबर लिहिलेलं होतं, पण सकाळी आनंदाच्या भरात ती उघडलीच नव्हती.

मालक आले. "कोणी केलं हे?"

"मी," काठीवाले म्हणाले.

"आणि सापडलं कुणाला?"

"त्यांनाच," मॅडम म्हणाल्या. "मलाही नाही, आणि तुम्हालाही नाही."

मालकांनी नकाशा खिडकीच्या काचेवर पालथा धरून बघितला. मग म्हणाले, "चारपर्यंत होईल?"

"होईल."

"मग बसा की. कायम म्हणालो ते काय उगाच?"

काठीवाले बसले. या वेळी वही उघडून. साडेतीनला नवा नकाशा तयार झाला, वळण उजवं, कालवा आणि रस्ता आपापल्या जागी. खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते, त्यात मोजणी कोणी केली, नकाशा कोणी काढला हे लिहितात. त्यांनी मॅडमचं नाव टाकलं. मॅडमनी ते खोडलं.

"काढला कोणी? तुमचं टाका."

काठीवाल्यांनी एका बोटानं एकेक अक्षर दाबत नाव लिहिलं. शेकडो जमिनी तुडवून झाल्या होत्या, पण नकाशाच्या त्या चौकटीत काठी धरणाऱ्यासाठी ओळच नसते.

नकाशाची एक प्रत त्यांनी घरी नेली. बायकोनं स्वयंपाकाच्या ओट्याशी हात पुसले, कागद जेवणाच्या टेबलावर पसरला आणि चष्मा शोधू लागली. सव्वीस वर्षं तिनं या माणसाच्या पॅन्टवरचा चिखल धुतला होता. तो चिखल कुठून येतो हे तिनं कधी बघितलं नव्हतं.

"कुठे आहात तुम्ही?" तिनं विचारलं.

त्यांनी कोपरा दाखवला. तिनं वाकून नाव मोठ्यानं वाचलं, आडनावासकट, हजेरी घेतल्यासारखं.

"हजर," काठीवाले म्हणाले.