बैलाचे मागचे पाय

“पोयाले नाही. पोळ्याला. म्हणा.”

“पोळ्याला.”

“ळ असा पायरीवरून घसरल्यासारखा नको. पुन्हा.”

“पोळ्याला.”

“वा! आता झडतीचंही सांगून टाका. आमच्या माहितीप्रमाणे झडती पोलीस घेतात.”

वर्ग हसला. म्हणजे काय हसला! बाकं हसली, फळा हसला, खिडकीतलं कबूतर हसलं. मी उभी. नागपूरच्या एका कॉलेजात, सत्तरच्या दशकात, सावनेरकडून आलेली शेतकऱ्याची पोर. दोन वेण्या, लाल रिबिनी. रिबिनींसकट लाल झालेली.

माझा गुन्हा एवढाच. मराठीचे सर राजकीय रूपककथा शिकवत होते. जनावरांच्या तोंडून सत्तेचं बिंग फोडणाऱ्या जुन्या गोष्टी. मालक जातो, जनावर मालक होतं, चाबूक तोच राहतो. सर म्हणाले, “इतकं धारदार काही आपल्या मातीत आहे का?” मला वाटलं, खरंच विचारताहेत. मी उठले.

“आहे ना सर. आमच्या गावात पोयाले झडत्या म्हनतेत. तोरनाखाली बैल उभे राह्यतेत आन् बैलाच्या नावानं पाटलाले बोलतेत. पाटील समोरच असते, पन काही करू शकत नाही.”

पुढचं वर सांगितलंच.

एकटी मंजिरी हसली नाही. ती ऐकत होती.

मंजिरी नागपूरच्या महाल भागातली. वडील वकील. आणि तिचा तो ण! इतवारीच्या बाजारात पितळेच्या हंड्यावर टिचकी मारावी तसा वाजायचा. ती ‘पाणी’ म्हणाली की मला तहान लागायची. मी तिच्यावर जळायचे. जेवताना जळायचे, वर्गात तिची पाठ बघत जळायचे. तिची सावलीसुद्धा माझ्या सावलीपेक्षा शुद्ध पडते असं वाटायचं. होस्टेलच्या आरशासमोर उभी राहून मी घोकायचे, लोणी, कोण, आपण, पाणी. आरसा म्हणायचा, पानी.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये ती माझ्याशेजारी येऊन बसली. स्वतःहून.

“अगं, तुझी ती झडती पूर्ण सांग ना. किती गोड आहे!”

ज्याचा हेवा वाटतो त्यानं जवळ बोलावलं की जीभ सैल सुटते. मी बाबांची झडती सांगून टाकली. तिच्यात बैल पाटलाला विचारतो, वावरात नांगर ओढतो मी, ढेकर काहून तुले येते?

गॅदरिंगच्या आधी बोर्डावर कागद लागला. रूपक ‘वृषभवाणी’. लेखन, दिग्दर्शन, सूत्रधार, सबकुछ मंजिरी. बैल आमचाच होता, पण त्याला आंघोळ घातली होती. पाटील गायब, ढेकर गायब. आता बैल म्हणायचा, ‘धनी आमुचा उदार भारी, चारा धाडी दारोदारी.’ धनी म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. तेच प्रमुख पाहुणे.

बैल कसा, तर पुठ्ठ्याचं डोकं आणि एका चादरीखाली दोन मुली. पुढचे पाय कोराडीच्या कॉलनीतली कुंदा. मागचे पाय मी.

सर म्हणाले, “तुम्हाला संवाद नाहीत. त्यामुळे उच्चारांचा प्रश्नच मिटला.”

मी हो म्हटलं. तिच्या रंगमंचावर माझे निदान पाय तरी दिसतील, म्हणून.

तो दिवस आला. चादरीखाली घाम, डिंकाचा वास, समोर कुंदाची कंबर. बाहेर मंजिरीचा आवाज. काय आवाज! ‘चारा धाडी दारोदारी’ म्हणताना तिनं पहिल्या रांगेकडे हात केला. टाळ्या. अध्यक्ष मान हलवत असणार. आमच्या होस्टेलच्या नळाला उन्हाळ्यापासून पाणी नव्हतं. पाइप यांच्या बंगल्याच्या बागेकडे वळला होता, हे होस्टेलमधल्या प्रत्येक पोरीला ठाऊक होतं. आणि मी, ज्या बापाची झडती त्याची लेक, त्यांच्यापुढे शेपूट हलवत होते. शेपटीची दोरी माझ्याच हातात दिली होती!

मी ताठ उभी राहिले.

“वाक वं!” कुंदा कुजबुजली. “काय करून राहिली? चादर सुटून राहिली ना!”

सुटलीच. बैलाचं ढुंगण उभं राहून माइकपाशी चालत गेलं. मंजिरी इतकी दचकली की बाजूला झाली. आणि मी म्हटलं, बाबा म्हणतात तसं, छाती भरून:

“चारा खाल्ला, कडबा खाल्ला, खाल्ली गोठ्याची दावन,
होस्टेलच्या नयाले नाही पानी, बंगल्यात फुटला श्रावन!
एक नमन गौरा पार्वती, हर बोलाऽऽ”

मागच्या रांगा काटोल, उमरेड, सावनेरच्या पोरांच्या. झडतीच्या शेवटी काय ओरडायचं, हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

“हर हर महादेव!”

छपराचे पत्रे थरथरले. अध्यक्ष समोरच होते, पण काही करू शकत नव्हते. पोलिसांशिवाय झडती झाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी खोलीत बोलावलं. ओरडले नाहीत. खुर्ची दिली.

“तुम्हाला होस्टेलमधून काढा म्हणतात. मी सावरून धरलंय. माफी लिहून द्या. पुढच्या वर्षीचं रूपक तुम्ही लिहा, सूत्रधारही तुम्हीच. फक्त अध्यक्षांना सांभाळून. मंजिरीला देऊ काहीतरी. मागे.”

मागे! आहाहा! मला लगेच दिसलं. चादरीखाली वाकलेली मंजिरी, तोंडावर घाम. पुढे मी, जरीच्या पातळात. इतकं गोड चित्र मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. चाखत बसले. आणि चित्रातली मी वळून तिला म्हणाले, “तुला संवाद नाहीत.” उच्चार अगदी स्वच्छ.

जनावर मालक कसं होतं ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. चाबूक हाती देताना आधी बसायला सांगतात.

मी उठले. “नाही लिहून देत, सर.”

“काहून?” सर म्हणाले.

‘का’ नव्हे, ‘काहून’. शब्द त्यांच्या तोंडून निसटला होता, कुठल्या तरी वावरातून थेट. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुसतच राहिले. मला हसू फुटत होतं, तरी मी हसले नाही. कधीतरी हेही कुणाच्या वर्गात असेच उभे असतील. घोकून घोकून त्यांनी खुर्ची मिळवली, आणि मग तिच्यावरून आम्हाला घोकायला लावलं.

होस्टेल सुटलं. सावनेरहून एस.टी.नं ये-जा करत मी बी.ए. झाले. त्या गॅदरिंगचा करंडक मंजिरीलाच मिळाला आणि तो अजूनही डोळ्यांत सलतो, खोटं कशाला बोलू! शुद्धही शिकले, तुम्ही वाचताच आहात. हेव्यासारखा मास्तर नाही.

हेवा असू द्या. तिची जागा घेतली असती तर तो थंड झाला असता, पण मग चादरीखाली ती वाकली असती. ज्या खुर्चीसाठी कुणाला तरी वाकवून गप्प करावं लागतं, तिच्यात मी बसणार नाही. आणि जो बसेल, त्याला निवांत बसू देणार नाही.