टाकीचं झाकण: चिंचवड, तळेगाव, चाकण आणि परत

चिंचवड–तळेगाव–चाकण असा फेरा करायचा बेत असेल तर सकाळी सातच्या आत निघा; नंतर चाकणला कंटेनरच्या मागे बसून राहावं लागतं. मी हा फेरा पहिल्यांदा एकट्यानं केला तो सत्तरचं दशक संपता संपता. तेव्हा वाटेत बैलगाड्याच जास्त. हौसेनं निघालो नव्हतो. ड्रायव्हर काम सोडून गेला होता, म्हणून निघालो.

चिंचवडला माझं छोटं वर्कशॉप होतं, चार लेथ आणि पेट्रोलवरची एक जुनी पिकअप. दसऱ्यानंतर ही पिकअप मध्येच बंद पडायला लागली. गावातल्या गावात फिरवा, काही तक्रार नाही. टाकी भरून लांब नेली की रुसली. बबन, माझा ड्रायव्हर, म्हणायचा, "शेठ, टाकीचं झाकण उघडलं की चालू व्हतीय." मी हसण्यावारी न्यायचो. मग एकदा मी बसमधून जात असताना तो मला देहूरोडपाशी दिसला, रस्त्याकडेला, उघड्या टाकीवर वाकलेला. पेट्रोल काढतोय, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटताना, गेटवर, सगळ्या कामगारांदेखत मी त्याला चोर म्हणालो. त्यानं किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि चालू लागला.

आठवड्यानं चाकणचा माल भरला, टाकी भरली आणि स्वतः स्टिअरिंगवर बसलो. सोमाटण्याच्या अलीकडे इंजिननं दोन आचके दिले आणि गप्प. मला माझ्या कानांचा भारी अभिमान. लेथचं बेअरिंग जायच्या चार दिवस आधी मला ऐकू यायचं. आवाजावरून ठरवलं, ठिणगीचा दोष; पॉइंट घासले, कार्बोरेटर फुंकला. अर्ध्या तासानं गाडी चालू! खुशीत तळेगाव स्टेशनपाशी मिसळ हाणली; दीड रुपयात दोन पाव, तर्री मागाल तितकी. इंदोरीचा पूल ओलांडला आणि पुन्हा तेच. आता इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप खोलला. पुन्हा अर्धा तास, पुन्हा चालू.

तिसऱ्यांदा बसली ती चाकणच्या कांदाबाजारासमोर. हमालांनी ढकलत गॅरेजपर्यंत नेली.

"शेठ, गाडी हाय का म्हैस? कुठंबी बसतीय!"

"पाणी दिसलं न्हाई म्हणून बरं," दुसरा म्हणाला.

गॅरेजवाले रहमानभाई माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. मी पॉइंटपासून सगळं सांगितलं. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. मागे गेले, टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत गेली, आणि स्टार्टर मारल्याबरोबर इंजिन लागलं.

"झाकणाला बारीक भोक असतं, राव. ते बुजलंय. पेट्रोल बाहेर जातंय, हवा आत येत नाही. टाकी गुदमरते. अर्धा तास थांबलात की थोडी हवा झिरपते, म्हणून चालू होते." त्यांनी पिनेनं लाल रंगाची खपली काढली. "हा रंग कुणी फासला?"

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वर्कशॉपमधली सगळी यंत्रं मी माझ्या हातानं रंगवायचो. ब्रशला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. झाकणावर तर दोन हात दिले होते.

"ड्रायव्हर काही बोलला नाही?" रहमानभाईंनी विचारलं.

मी त्यांनी मागवलेला चहा संपवला. तो कडक होता एवढंच आठवतं.

परतताना इंदोरीला बबनच्या घरी थांबलो. तो परड्यात वैरण तोडत होता. कोयता खाली न ठेवता त्यानं विचारलं, "गाडी कशी हाय?"

मी सगळं सांगितलं. चुकलो म्हणालो, कामावर ये म्हणालो.

"मी सांगत व्हतो न्हवं?"

"सांगत होतास."

"शेठ, चोर म्हणालात ते गेटवर, समद्यांम्होरं. आन चुकलो म्हणताय हितं, परड्यात." तो पुन्हा वैरणीकडे वळला. "गेटवर म्हणा. मग येतो."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटताना मी गेटवर उभा राहिलो. पोरं जमली. भोक, रंग, म्हैस, सगळं रंगवून सांगितलं. सगळे पोट धरून हसले. बबनचं नाव जिभेवर आलं होतं. पण हसणं थांबेपर्यंत निम्मे लोक सायकलीवर बसले होते, आणि मीही उद्या सांगू म्हणालो.

बबन आला नाही. पुढं तो मुंबईकडे गेल्याचं कानावर आलं. पिकअप नंतर भंगारात गेली. झाकण मी काढून ठेवलं. भोक मोकळं आहे, बाकी रंग तसाच.

ते गेटही आता राहिलेलं नाही. म्हणून इथं लिहितो, सगळ्यांदेखत: बबन चोर नव्हता. त्याचं बरोबर होतं.