उजव्या पायाची तक्रार

नारायण पेठेत माझं चपलांचं दुकान आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी वडिलांच्या वेळेपासूनची. त्या पाटीशी तीस वर्षं भांडणारं एकच गिऱ्हाईक, आगाशे सर. भूगोलाचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर रोज टेकडी चढायचे, आणि शिलाई वाकडी निघाली तर मला लेखी तक्रार द्यायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी चार महिन्यांत तिसरा जोड परत आणला. म्हणे, उजवी चप्पल रस्त्यात निसटते आणि घरी गेल्यावर कळतं. मी आधीच वैतागलेलो होतो.

“सर, पायात चप्पल नाही हे तुम्हाला घरी जाऊन कळतं, यात चपलेचा काय दोष?”

टोमणाच होता तो. सर भांडले नाहीत. उजव्या पायाच्या तळव्याला बोट लावून बघितलं आणि निघून गेले. मला फार वाईट वाटलं.

आधी डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकली आहे. वर्षभर शेक आणि व्यायाम झाला, तरी पाय लुळा पडत गेला. टेकडी सुटली, मग जिना. शेवटी मज्जातंतूंच्या तज्ज्ञ डॉ. सुनीतींना खरं कारण सापडलं. सरांच्या पत्नी हेमावहिनींनी मला दुकानात येऊन सांगितलं, की मणक्यात एका मज्जातंतूच्या मुळाशी धमनी थेट शिरेला जोडली गेली आहे, त्यामुळे रक्त तुंबून मज्जारज्जू सुजलाय. जोड म्हणजे मला चपलांचाच ठाऊक. हा नको तिथे लागला होता.

“ऑपरेशन करून तो जोड बंद करतील,” वहिनी म्हणाल्या. “पुढचं नुकसान थांबेल. गेलेली संवेदना परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.”

ऑपरेशनच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि वहिनींजवळ बसलो. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत सरांच्या चपला होत्या. दुपारी डॉक्टर बाहेर आल्या. जोड बंद झाला होता. पायाचं मात्र वाट बघा म्हणाल्या.

पाच महिन्यांनी सर काठी टेकत, वहिनींचा हात धरून दुकानात आले. मी मऊ चामड्याचा जोड काढला आणि स्वतः त्यांच्या पायात घातला. चार पावलं चालून ते थांबले. कपाळाला आठ्या पडल्या.

“अहो, अंगठ्याला चावते ही.”

वहिनी बाकावर टेकल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

“कुठल्या अंगठ्याला, सर?”

“उजव्या. लेखी देऊ का?”

मी कागद पुढे केला. ती तक्रार आता पाटीच्या खाली लावलेली आहे.