दादाच्या टेम्पोतले पॅसेंजर

कोंबडी म्हातारी होऊन मरते, तेव्हा ती किती वर्षांची असते?

हे मी चिकनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "माझ्याकडं आलेली संध्याकाळपर्यंत जगते." गुरांच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते हसले आणि म्हशीकडे वळले. आईला विचारलं. ती म्हणाली, "मला काय म्हायती? आपल्यात कुठली म्हातारी झाली?" आमच्या गडब गावात घरोघरी कोंबड्या आहेत, पण उत्तर कोणाकडेच नाही.

दादा गेल्यापासून लोक समाचाराला येतात. ओट्यावर बसतात, पाणी पितात, "चांगला माणूस व्हता" म्हणतात. मग नजर अंगणातल्या बैलावर जाते आणि कोणीतरी हळूच विचारतं, "ते बोकडाचं काय झालं व्हतं रे?" एक किस्सा निघाला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो. जाताना माणसं तोंडावर रुमाल धरून हसत जातात. मी हसायचं की रडायचं, मला कळत नाही. दोन्ही एकदमच येतं. आणि प्रत्येक जण काहीतरी चुकीचंच सांगतो! म्हणून म्हटलं, आपणच सांगावं. आठवीत शाळा सोडलेल्याचं लिहिणं आहे, सांभाळून घ्या.

दादा माझा मोठा भाऊ. पेण-रोहा टेम्पो चालवायचा. गणपतीच्या दिवसांत जोहे गावच्या मूर्ती, एरवी कंपनीचा माल नाहीतर कोणाचं भात. मी त्याचा क्लीनर.

* * *

पहिली आली मॅडम.

हायवेच्या वळणावर पोल्ट्रीच्या गाडीतून खोके पडले. अंडी द्यायचं थांबलेल्या, चोची कापलेल्या पांढऱ्या कोंबड्या रस्ताभर झाल्या. लोक पिशव्या घेऊन धावले. खोटं कशाला बोलू, आम्हीही एक उचलली. रात्री रस्सा करायचं ठरलं. दादाने तिला सीटच्या मागे टाकली आणि आम्ही आधी पेणला माल उतरवायला गेलो.

परत येऊन बघतो तर कोंबडी ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली, आणि खाली एक अंडं! थांबलेल्या कोंबडीने बरोबर दादाच्या सीटवर अंडं घातलं.

घरी आल्यावर वहिनी सुरी घेऊन बाहेर आली.

दादा म्हणाला, "ठेव ती सुरी. गाडीत बसली, भाडं दिलं. आता पॅसेंजरला कापायचं कसं?"

तेव्हापासून दादाने चिकन सोडलं. मॅडम डॅशबोर्डवर बसून रोह्यापर्यंत फिरायला लागली. एक खोड मात्र तिची वाईट. कावळा दिसला की ती अंगावर जायची. अर्धी चोच, पण आवेश असा की ती आल्यापासून आमच्या अंगणात कावळा उतरलेला नाही. आईने पापड वाळत घालून खुशाल झोपावं!

* * *

शेठ आला तो रोह्याकडून.

एका शेतकऱ्याने पॉवर टिलर घेतला. म्हातारा बैल पोचवायला त्याने दादाचा टेम्पो सांगितला. गाडी निघाल्यावर दादाने विचारलं, "कुठं सोडायचाय?" माणूस खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तू चल तर. पुढं सांगतो."

दादाने ब्रेक मारला. "पुढं सांगायची जागा असंल तर मी नाय जात. तुम्ही उतरा. बैल ऱ्हाऊ दे."

आणि तो माणूस खरंच उतरला! बैलाच्या कपाळाला हात लावला आणि मागे न बघता चालायला लागला. त्याला राग आला होता की बरं वाटलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

गावात मात्र सगळे चक्रावले. गडबची माणसं पिढ्यान्‌पिढ्या भात लावतात. बिनकामाचा बैल त्यांनी कधी बघितला नव्हता. आमचे काका रोज विचारायचे, "औताला नाय, गाडीला नाय, मग ठेवलाय कशाला?"

दादा म्हणाला, "काका, तुम्ही तरी औताला कुठं जाता? ठेवलंय ना तुम्हाला?"

काका आठवडाभर आमच्याकडे चहा प्यायले नाहीत. मग एका सकाळी दादा रोह्याला गेलेला बघून त्यांनी गुपचूप शेठला सोडला आणि चिखलणीला नेला. शेठ शहाण्यासारखा खाचरात उतरला, बरोबर मध्यावर गेला, आणि बसला. दुपारपर्यंत बसला! शेवटी काकांनी दादाला फोन केला. दादाने बांधावर टेम्पो आणून एक हॉर्न मारला. शेठ उठला, बाहेर आला, आणि गाडीला अंग घासत उभा राहिला. चिखल काकांच्या धोतरावर.

* * *

बोकडाचं सगळे चुकीचं सांगतात. तो दादाने पळवलेला नाही.

एका घरचा नवस होता. बोकड आणि माणसं देवीला न्यायला आमचा टेम्पो होता. आमच्याकडे पद्धत अशी की बोकडाच्या अंगावर पाणी शिंपडायचं. त्याने अंग झाडलं की देवीने मानला, मगच सुरी. पाणी शिंपडलं. बोकड उभा. तांब्या ओतला. उभा! कळशी झाली, तरी तो आपला समोरच्या बाईच्या गजऱ्याकडे बघतोय. घरची माणसं हात जोडून रडकुंडीला आली. ऊन वर आलं.

मागे बिडी ओढत बसलेला दादा म्हणाला, "अहो, तिला नको असंल. जबरदस्ती कशाला करता?"

भगत वैतागला. "मग ह्याचं करायचं काय?"

"द्या टाकून गाडीत."

देवीला नारळ दिला आणि बोकड आमच्याकडे आला. त्याचं नाव पडलं रिजेक्ट. घरी आणल्यावर वासाने सगळे हैराण झाले, म्हणून आईने त्याच्यावर एक बादली पाणी टाकलं. त्याने शेपटीपासून शिंगापर्यंत असं अंग झाडलं की आई, वहिनी, भिंत, सगळं भिजलं!

आई वहिनीला म्हणाली, "अगो, हा आता मानतोय गो! कोणाला मानतोय?"

* * *

मग मी एक शहाणपणा केला. कोणाला न विचारता रिजेक्टचा व्हिडिओ टाकला, 'दत्तक देणे आहे' म्हणून. मला वाटलं, दादाचं ओझं कमी होईल.

रोह्याजवळच्या वरसेहून एक सर आणि त्यांच्या मिसेस आल्या. फ्लॅटची माणसं. मिसेसनी विचारलं, "ह्याचा स्वभाव कसा आहे?"

असा प्रश्न बोकडाबद्दल आम्ही कधी ऐकला नव्हता. आई गोंधळली. म्हणाली, "चांगला हाय. दारू नाय पीत."

त्यांनी त्याला लाल पट्टा घातला आणि गाडीत बसवून नेला. दुसऱ्याच दिवशी सर त्याला घेऊन दारात! पडदे खाल्ले होते, तुळस खाल्ली होती, आणि लिफ्टमध्ये आरसा बघून त्याने स्वतःलाच टक्कर दिली होती. मिसेस रडत होत्या. त्यांना तो हवाही होता आणि नकोही होता.

दादा त्यांना चहा देत म्हणाला, "रडू नका मॅडम. देवीला नाय झेपला, तुम्हाला कसा झेपंल?"

लाल पट्टा अजून त्याच्या गळ्यात आहे.

* * *

दादाला ताप आला. साधा ताप म्हणून दोन दिवस तो गाडीवरच गेला. मग अलिबागला न्यावं लागलं.

वॉर्डमध्ये सिस्टर म्हणाल्या, "पेशंटला घरच्यांशी व्हिडिओवर बोलू द्या, बरं वाटेल." मी घरी फोन लावला. वहिनी स्क्रीनवर आली. तिचे डोळे सुजले होते. तिने न बोलताच फोन फिरवला. शेठ दिसला, रिजेक्ट दिसला, शेवटी मॅडमचा एक डोळा दिसला, स्क्रीनभर!

सिस्टरनी विचारलं, "अहो, नातेवाईक कुठे आहेत?"

दादाने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "एवढे दिसतायत ना!"

सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो. ते त्याचं शेवटचं बोलणं होतं, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर हसलो नसतो. की हसलो असतो? मला कळत नाही.

* * *

आता दहाव्याचं.

आदल्या दिवशी काका ओट्यावर म्हणाले होते, "उद्या कार्य झालं की बैल आन्‌ बोकड पाठवून देऊ. माणूस बोलून ठेवलाय. कोंबडीचा काय प्रश्न नाय, तेराव्याला पाव्हणे हायेतच." वहिनी आत गेली. मी काकांच्या अंगावर धावून गेलो, तर चौघांनी मला धरला.

सकाळी तळ्यावर टेम्पोतूनच सगळे गेलो. गाडी मी चालवली. पिंड ठेवला, पानावर दादाच्या आवडीचं सगळं ठेवलं, आणि लोक लांब सरकले. आंब्यावर कावळे भरपूर होते. एकही खाली येईना.

आई हात जोडून म्हणाली, "बाळा, सुनेला लेकीसारखी बघीन." कावळे जागचे हलले नाहीत. मामा म्हणाले, "टेम्पो विकणार नाय रे." नाही. ऊन वर आलं. भटजी घड्याळ बघायला लागले.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "जीव कशात अडकलाय ते म्हायती हाय ना सगळ्यांना? बोला की!"

सगळे काकांकडे बघायला लागले. काका जमिनीकडे बघायला लागले.

वहिनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. "काका, बोला ना."

काका खाकरले. "बैल नाय पाठवत."

एक कावळा खालच्या फांदीवर आला.

"आरं, बोकड पण नाय पाठवत!"

कावळा तिथेच. मान वाकडी करून बघत राहिला.

काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सगळ्या गावासमोर ते ओरडले, "कोंबडी पण ऱ्हाईल रे! म्हातारी होऊन मरंल! मी बघीन तिला, मी! आता तरी ये!"

मॅडम सकाळी आपल्या जागेवर, डॅशबोर्डवर बसून आली होती. घाईत कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. मघापासून ती पानाच्या पलीकडे माती उकरत होती.

मी पुढे गेलो, तिला उचलून काखेत घेतली आणि टेम्पोत नेऊन बसवली. काच वर केली.

कावळा खाली आला.